लादीची उडी

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पिशवीतून रबराची फळी काढली, काउंटरवर ठेवली आणि दोन्ही तळवे टेकून तिच्यावर भार दिला. फळीच्या मधोमध पाणी उमटलं, बुटांच्या सोलचे नमुने भिजवत कडेपर्यंत गेलं आणि पलीकडे बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर टपटप गळायला लागलं.

“काल सकाळपासून वाळत घातली होती,” बाई म्हणाल्या. “तरी पोटात पाणी आहेच.”

सासूबाई उठल्या नाहीत की त्यांनी कपडे झटकले नाहीत. नुसती मान वळवून धाकटीकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. लग्नाआधी ती टायरच्या एका मोठ्या कारखान्यात, रबर ताणून, तोडून, भाजून तपासायच्या खोलीत नोकरीला होती. लग्न होऊन आली ती सोल करणाऱ्या घरात. नवरा माल घेऊन गावोगाव हिंडायचा, मोठे दीर प्रेस चालवायचे आणि सासूबाई बाकीचं सगळं चालवायच्या. घर वर, कारखाना खाली. भिंतींना, पडद्यांना, पावाच्या डब्यालासुद्धा रबराचा वास. धाकटीला तो पहिल्या दिवसापासून माहेरचा वाटला, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

आता असल्या फळ्या कुठल्याही दुकानात रंगीबेरंगी टांगलेल्या असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. तेव्हा तसं नव्हतं. मुलं लाकडाची फळी धरून पोहायला शिकायची आणि फळी हातातून निसटली की शेजारच्याच्या कपाळाला टेंगूळ यायचं. रबर फुगवून त्याची मऊ, हलकी फळी करता येईल, ही कल्पना धाकटीची. त्यासाठी कारखान्यातल्या दोन प्रेसपैकी एक तिने सासूबाईंकडून मागून घेतली होती. प्रेस म्हणजे दोन जाड लोखंडी पाट, दोन्ही तापलेले. मध्ये रबर भरलेला साचा सरकवायचा, पाट दाबायचे आणि रबर आत शिजू द्यायचं.

“हे बघा, मला रागवायचं नाहीये,” बाई म्हणाल्या. “पण माझी मुलं एवढीएवढीशी असतात. ही धर, तू बुडणार नाहीस, असं मी सांगते तेव्हा ती काठ सोडतात. आणि अर्ध्या तासात फळीच खाली जायला लागली तर पुढच्या वेळी ती माझं कशाला ऐकतील? सुट्ट्या लागल्या की नवे वर्ग सुरू होतात. तोवर नीट फळ्या झाल्या तर तुमच्या. नाहीतर माझ्या लाकडाच्याच बऱ्या.”

“होतील,” धाकटी म्हणाली.

“मागच्या वेळीही हेच म्हणालात.”

“मागच्या वेळी कडा पीत होत्या. आता फक्त मधला भाग पितोय.”

बाईंना हसू आलं. सासूबाईंना आलं नाही. बाई गेल्यावर त्यांनी फडक्याने काउंटर पुसला, सोल उलटे करून ठेवले आणि मग बोलल्या.

“आता ऐक, प्रयोगशाळा. सुट्ट्या लागेपर्यंत प्रेस तुझी. ह्या वेळी फळी पाणी प्यायली, तर ती प्रेस पुन्हा सोलला लागेल आणि तू माझ्याशेजारी इथे बसून गिऱ्हाइकांना सोल दाखवशील. तक्रार नाही, रुसवा नाही. कबूल?”

“कबूल,” धाकटी म्हणाली. काउंटरवर बसणं म्हणजे तिला शिक्षाच, पण तिने ओली फळी उचलली.

ती सरळ आत गेली. कारखान्यात कामाला येणाऱ्या मावशी सुरी घेऊन सोलच्या कडा छाटत होत्या. त्यांच्याकडून सुरी मागून घेऊन तिने ती ओली फळी मधोमध कापली आणि खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरली.

फुगवलेलं रबर कापलं की आत बुडबुडेच बुडबुडे दिसतात. नीट झालं असेल तर एकेक बुडबुडा म्हणजे बिनदाराची खोली. शेजारच्या खोलीत जायला वाट नाही, म्हणून पाण्यालाही वाट नाही. असलं रबर वर्षभर पाण्यात ठेवलं तरी कोरडंच. पण खोल्यांच्या भिंती फाटल्या की एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, पाणी पाहुण्यासारखं घरभर हिंडतं. धाकटीच्या फळीत कडेला खोल्या होत्या, खसखशीएवढ्या, एकसारख्या. मध्यभागी मात्र नुसती पडझड होती.

तिथवर यायलाही तिने कमी खटपट केली नव्हती. रबरात गंधक मिसळायचं, ते रबर पक्कं करतं. फुगवायची पावडर मिसळायची, ती तापली की तिचा गॅस होतो. दोन्ही कामं एकाच उष्णतेवर चालतात आणि खरी गंमत दोघांची गाठ घालण्यात असते. प्रेस फार तापवली तर रबर आधीच पक्कं होऊन बसायचं. गॅसने कितीही ढकललं तरी फुगायला तयार नाही, साच्यातून निघालेली लादी, म्हणजे अजून न छाटलेली फळी, सोलसारखी टणक. कमी तापवली तर रबर कच्चं, गॅस भिंती फोडून मोकळा, आत गुहा. साचा जरा रिकामा राहिला तर गॅसला आतच ऐसपैस जागा मिळायची आणि मनगट जाईल एवढी भोकं पडायची. हे सगळं तिने एकेक करून ताळ्यावर आणलं होतं. उरला होता तो मधला भाग.

“मध्ये उष्णता उशिरा पोचते,” तिने मोठ्या दिरांना ठासून सांगितलं. “कडा शिजतात, मधलं कच्चं राहतं. आज जास्त वेळ ठेवू या, भाऊजी.”

“ठेवू या,” भाऊजी म्हणाले. ते कशालाच नाही म्हणायचे नाहीत आणि कशाचीच घाई करायचे नाहीत. मावशींनी त्यांचं नाव कासव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि बहुधा आवडतही होतं.

जास्त वेळ ठेवलं. मधला भाग फाटलेलाच. रबर आधी कोमट करून साच्यात भरलं. फाटलेलाच. गंधक बदललं, पावडर आणखी बारीक चाळली. धाकटी दर वेळी लादी कापायची, भिंगाखाली धरायची आणि म्हणायची, “कळलं मला,” आणि दर वेळी तिला वेगळंच काहीतरी कळलेलं असायचं.

“मॅडम, एकदा काहीतरी न कळून बघा,” भाऊजी म्हणाले. “बदल म्हणून.”

प्रेस उघडणं हे भाऊजींचं काम. बाजूला दाब उतरवायचं एक चाक होतं. ते बोटभर फिरवायचं, थांबायचं, आतल्या आवाजाला कान द्यायचा, पुन्हा बोटभर. तोवर मावशी मागे सरकायच्या, सासूबाई काउंटरवरून कान टवकारायच्या. वरचा पाट मुंगीच्या पावलांनी उठायचा. सोलच्या प्रेसवर हेच, फळ्यांच्या प्रेसवरही हेच. धाकटी घरात आली तेव्हापासून हे असंच चालत आलं होतं आणि असंच का, हे तिला सुरुवातीलाच सांगून झालं होतं. सासरे एकदा प्रेस झटक्यात उघडून पुढे वाकले आणि आत कोंडलेल्या वाफेने तापलेलं रबर उसळून त्यांच्या हातावर बसलं. त्या हाताची मूठ पुन्हा कधी नीट वळली नाही. ते गेले पुष्कळ नंतर, साध्या तापाने, पण सासूबाईंच्या मनात तो हात राहिला. ह्या कारखान्यात प्रेस एकदम उघडायची नाही, हा नियम त्यांचा. धाकटी जगातल्या कुठल्याही गोष्टीवर शंका घ्यायची, पण त्या चाकाकडे तिचं लक्षच जात नसे. भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघायची आणि पुढे जायची.

मग भाऊजींची दाढ दुखायला लागली. एका सकाळी गाल असा सुजला की त्यांना डॉक्टरकडे पाठवावंच लागलं. आणि नेमकी तेव्हाच प्रेसमध्ये लादी शिजत होती.

“मी उघडते,” धाकटी म्हणाली.

“तू हात लावायचा नाहीस,” सासूबाई काउंटरवरून उठत म्हणाल्या. “माझा जन्म गेला ह्या प्रेसपुढे. तू तुझं घड्याळ बघ आणि सांग कधी ते.”

धाकटीने सांगितलं. सासूबाईंनी चाक धरलं, बोटभर फिरवलं, थांबल्या. काउंटरवर फोन वाजायला लागला. त्यांनी आणखी बोटभर फिरवलं. फोन वाजतच होता.

“अगं, घे ना कोणीतरी तो फोन!”

मावशींचे हात रबराने माखलेले होते. धाकटी घड्याळ सोडायला तयार नव्हती. सासूबाईंनी फोनकडे बघितलं, प्रेसकडे बघितलं, “मेला फोन!” म्हणाल्या आणि चाक गरकन पूर्ण फिरवलं.

पाट वर गेला आणि लादी साच्यातून उडाली. उडालीच. वाऱ्याने टोपी जावी तशी सासूबाईंच्या कोपरापासून वितीवरून गेली आणि सोलच्या खोक्यांवर धप्पकन पडली. पडतानाच ती साच्याच्या कितीतरी मोठी झालेली होती. फोन वाजून वाजून थांबला.

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांना काही झालं नव्हतं, पण त्यांनी एका हाताने दुसरा हात कोपराखाली घट्ट धरून ठेवला होता. धाकटीची नजर खोक्यांकडे धावली, पण पावलं नाही गेली. तिने आधी पाणी आणलं, सासूबाईंचे हात उलटसुलट करून बघितले, बाह्या वर करून बघितलं.

“भाजलं नाही कुठे?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या. आणि मग, पाण्याचा घोट घेऊन, “जा. बघ तुझी लादी. मान वळवून वळवून दुखायला लागेल तुझी.”

लादी निवल्यावर धाकटीने ती भट्टीत ठेवून पुन्हा मंद शेकली, नाहीतर निवताना ती आक्रसते. मग मधोमध कापली. भिंगाची गरजच नव्हती. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत खसखस. तिने मधला तुकडा तराजूवर ठेवून वजन बघितलं, बादलीत दगडाखाली दाबून ठेवला, जेवण करून आली, पुसून पुन्हा तराजूवर ठेवला. काटा होता तिथेच. ती तिथेच जमिनीवर बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तिने एवढे दिवस गंधक मोजलं, पावडर चाळली, घड्याळ लावून ठेवलं, आणि चाक तिच्या नाकासमोर होतं.

भाऊजी आले ते गालात कापूस भरून. बोलता येत नव्हतं, म्हणजे नेहमीपेक्षा दोन शब्द कमी. त्यांनी कापलेली लादी उजेडात धरली, अंगठ्याने दाबली, सोडली.

“कोणी उघडली?”

धाकटी तराजू पुसायला लागली. मावशी कडा छाटण्यात एकदम गुंगून गेल्या.

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “फोन वाजत होता.”

भाऊजींना हसू फुटलं आणि लगेच त्यांनी गाल धरला. “आई गं! हसवू नकोस.”

“पाट हळू उठतो ना, भाऊजी,” धाकटीला आता दम निघेना, “तेव्हा कडेला जागा आधी मिळते. कडा फुगते, मधलं अजून दाबलेलंच असतं. कडा त्याला ओढत राहते आणि ते फाटतं. एकदम जागा मिळाली तर सगळे बुडबुडे एकाच वेळी फुगतात, कोणी कोणाला ओढत नाही. सोलमध्ये गॅसच नसतो, म्हणून तिथे हळू उघडलं तरी चालतं. फळीला नाही चालत. फळी झटक्यातच उघडायला हवी.”

“झटक्यात काही उघडायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “झालं ते झालं. मला त्या फळ्या नकोत. प्रेस उद्यापासून सोलला लावा.”

“आई, आपलं ठरलं होतं की फळीने पाणी प्यायलं तर. ही नाही पीत.”

“तू मला शब्दात पकडू नकोस. ही लादी वीतभर अलीकडून गेली असती तर मी आज तुझ्या सासऱ्यांसारखी बसले असते. तू तरुण आहेस, तुला सगळं दिसतं, तो हात नाही दिसला. मी चमच्याने भरवलंय त्यांना.”

धाकटीला हरायचं नव्हतं, पण अशा बोलण्याला गंधकाचं गणित सांगून जिंकायचंही नव्हतं.

भाऊजी लादी हातात घेऊन प्रेसपाशी गेले. चाकापाशी उभे राहिले, मग प्रेससमोर उभे राहिले, वाकले, पुन्हा सरळ झाले. एवढं सगळं त्यांनी त्यांच्या गतीने केलं. मग कापूस गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवून ते बोलले, आणि त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

“आई, मी तिथे होतो. बाबा समोर उभे राहून उघडायचे. चाक डाव्या बाजूला, म्हणून हात लांब करून, असे आडवे होऊन. म्हणून त्यांच्यावर आलं. आपण तेव्हा ठरवलं, हळू उघडायचं. माणसाने उभं कुठे राहायचं, ते कोणी ठरवलंच नाही. मी अजून तिथेच उभा राहतो. हळू उघडतो, पण तिथेच.”

सासूबाईंनी प्रेससमोरच्या त्या जागेकडे बघितलं.

“मला जाळी करू दे,” भाऊजी म्हणाले. “मग तू बघ. नाही पटलं तर सोल.”

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रेस सोलला लागली नाही.

भाऊजींनी जुन्या फाटकाच्या सळया कापून प्रेसभोवती पिंजरा केला. पुढे जाड जाळीचं दार, ते बंद असल्याशिवाय दाब उतरायचाच नाही अशी खिट्टी. चाक काढून तिथे झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह बसवला आणि त्याची दांडी खांबाच्या मागे नेली, जिथून प्रेस दिसते पण प्रेसला माणूस दिसत नाही. मावशी म्हणाल्या, “कासवाने पाठीवरचं घर काढून प्रेसला दिलं.” धाकटी त्यांच्याबरोबर सळया धरायची, वाकवायची, आणि मध्येच सांगायची, “इथे वाव ठेवा भाऊजी, लादी सगळीकडून फुगते, अडकली तर सुरकुती पडेल.” भाऊजी वाव ठेवायचे. दोघांनाही आपापलं काम येत होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं, त्यामुळे भांडणं मनासारखी व्हायची. सासूबाई त्या कोपऱ्याकडे फिरकल्या नाहीत. काउंटरवर बसून त्यांनी इतके हिशेब तपासले की जुने नीट असलेलेही चुकले.

लादी शिजत घातली त्या दुपारी मात्र त्या आल्या. पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली. जाळी दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवली. दाराची खिट्टी लावून बघितली, काढून बघितली. मग पुढे, जिथे सासरे उभे राहायचे, तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात लांब केला. बोटं जाळीला लागली. पुढे गेली नाहीत.

“हं,” म्हणून त्या खांबामागे आल्या.

भाऊजींनी दांडीला हात घातला.

“तू नाही,” सासूबाई म्हणाल्या. “शिजवलं तिने, तर वाढायचंही तिनेच.”

धाकटीने घड्याळ बघितलं. एकदा रबराच्या वासावरून, एकदा काट्यावरून अंदाज घेतला आणि दोन्ही जुळल्यावर दांडी खाली ओढली.

पाट उठला, लादी उसळली, जाळीवर आदळून अख्खा पिंजरा खणखणला. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते आणि धाकटीचा दंड धरला होता. जाळीच्या आत लादी वाफाळत पडली होती, मोठी, सरळ, कुठे दुमड नाही. त्यांनी डोळे उघडले, लादी बघितली, आपला हात बघितला आणि दंड सोडला.

“एवढा आवाज करते होय ती?” त्या म्हणाल्या. “जाळीच्या मागे काहीतरी मऊ बांध रे. शेजारी ओरडतील.”

फळ्या घ्यायला बाई आल्या तेव्हा धाकटीने त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथल्या हौदात आदल्या दिवसापासून एक फळी दगडांखाली बुडवून ठेवली होती. बाईंनी बाह्या सरसावून स्वतः दगड काढले. फळी सटकन वर आली आणि त्यांच्या तोंडावर पाणी उडालं. त्यांनी ती पुसली, दाबली, पिळली, वाकवली, कानाशी हलवली. शेवटी धाकटीकडून सुरी मागून मधोमध कापली आणि आतून बोट फिरवलं. बोट कोरडं.

“बरं,” बाई म्हणाल्या. आणि मग, आपण उगाच कंजूषपणा करतोय असं वाटून, “फार छान झाल्यात.”

काउंटरपाशी फळ्या बांधून होत असताना बाईंना आणखी सुचलं. अगदी लहान मुलांना हातात फळी धरता येत नाही. त्यांच्या कमरेला बांधायला जाड पट्टा झाला तर? असाच, पण चांगला जाड. त्यांनी ते सासूबाईंना विचारलं, कारण काउंटरवर त्या होत्या आणि सगळं त्यांनाच विचारायची सगळ्यांना सवय होती.

“ते मला काय विचारता?” सासूबाई दोऱ्याची गाठ मारत म्हणाल्या. “प्रेस तिची आहे. तिला विचारा. आणि ‘कळलं मला’ असं म्हणाली, तर दोन आठवडे जास्त धरून चला.”

“होईल,” धाकटी लगेच म्हणाली. म्हणता म्हणताच जाड रबरात मध्यापर्यंत उष्णता पोचायला किती वेळ लागेल आणि तोवर वरचं किती पक्कं होऊन बसेल, हे तिच्या डोक्यात सुरू झालं होतं. ह्या वेळी कोडं खरंच उष्णतेचं असणार होतं. बहुतेक. तिने भाऊजींना हाक मारली, मोजायची टेप उचलली आणि बाईंना म्हणाली, “सरळ उभ्या राहा बघू. लहान मुलाची कंबर तुमच्या मांडीएवढी धरू का?”